सुनेचे घट्टे

एका दिवाळीत मी माझ्या सुनेचे हात घासून घासून सोलून काढले. रागाने नव्हे, प्रेमाने. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेलं माणूस मधेच दमतं. मी दमले नाही. पहिल्या आंघोळीच्या दिवशी तिला पाटावर बसवलं, तिळाचं तेल चोळलं, दोन्ही तळवे ऊन पाण्यात भिजवले आणि टाचा घासायच्या पितळी वज्रीने तिच्या बोटांच्या मुळाशी असलेले आठही घट्टे एकेक करून पार गुळगुळीत केले. वर तिलाच विचारलं, "बघ, कसे लोण्यासारखे झाले की नाही?"

नवी सून. घरात येऊन दहा महिने झालेले. ती काय म्हणणार? म्हणाली, "हो आई."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, शिकेकाई झोंबली असेल.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे ऐन अकलेच्या वयात. केस काळे करायचे, महिला मंडळाची सचिव होते, आणि जगात असा एकही विषय नव्हता ज्यावर माझं मत तयार नव्हतं. आता सत्तरीला टेकले आहे. केस पांढरे, मतं पातळ. ती बासष्टची बाई आज मला वर्तकनगरच्या नाक्यावर दिसली ना, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. नाहीतर ती मला माझ्याच गुडघ्यांवरचे उपाय सांगत बसेल.

ऑक्टोबर सरत आला की हे सगळं आठवतं. दुपारी अजून गच्चीवरचे पत्रे तापून कडकडतात, पण पहाटे गॅलरीत उभं राहिलं की येऊरच्या डोंगराकडून एक गार झुळूक येते, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी भाजणी भाजत असतं. धण्याजिऱ्याचा तो खमंग वास जिना चढून वर येतो. आज सकाळीही आला. आमची नात मुक्ता, वय वर्षं पाच, माझ्या मांडीवर बसून उटण्याच्या पुडीत नाक खुपसत होती. मधेच तिने माझा हात उलटा करून पाहिला.

"आजी, आईचा हात कडक आहे आणि तुझा मऊ. असं का?"

"मी आयुष्यात काही उचललं नाही म्हणून."

आतून केतकी, म्हणजे माझी सून, पियानो वाजवता वाजवता ओरडली, "मुक्ता, आजीला विचार, तिने आईच्या हातांचं काय केलं होतं!"

बोटं तिकडे चालूच. पियानोवर असं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही शाळेत पेटी वाजवायचो तेव्हा सूर आणि शब्द एकत्र चुकायचे.

केतकी आमच्या घरी आली ती पियानोसकट. उभा, काळा, कडांचे टवके उडालेला जुना पियानो. केतकीचं माहेर आंबिवलीचं. वडील रेल्वेत फिटर, घरात वाद्य म्हणाल तर रेडिओ. पण कल्याणला रेल्वेच्या वसाहतीत ग्रेसी मिस म्हणून एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, त्यांच्याकडे ही आठव्या वर्षापासून शाळा सुटली की शिकायला जायची. मिसच्या मागच्या खिडकीला लागूनच एक व्यायामशाळा होती. इकडे ही तीनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी नाजूक वाजवतेय आणि तिकडून धाडकन लोखंड आपटतंय, अशी सात वर्षं गेली. पंधराव्या वर्षी एकदा हिने खिडकीतून वाकून पाहिलं. ती वाकली ती पलीकडे उतरलीच. तेव्हापासून दोन्ही चालू, पियानो आणि वजनं. मिसनी थकल्यावर आपला पियानो हिला देऊन टाकला.

तो आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढला त्या दिवसाची गंमत. लिफ्ट नाही, चार हमाल, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पियानो अडकला. ना वर, ना खाली. लग्नाचा तिसरा दिवस होता. हिरवा चुडा किणकिणत नवी नवरी खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, पाठ वाकवू नका. गुडघ्यांत बसा, पायांनी उचला. हा कोपरा मी घेते." आणि घेतला की! शेजारच्या साने वहिनींचं दार किलकिलं होतं, ते सताड उघडलं. मला धरणी दुभंगावी असं झालं. आमचे हे कठड्याला टेकून शांतपणे म्हणाले, "चला, आपल्याला क्रेन मिळाली."

मी लोकांना पियानोचं सांगायचे. भरभरून सांगायचे. "पाश्चात्त्य शास्त्रीय हो, साधंसुधं नव्हे." मला त्यातलं काय कळायचं? एक तुकडा संपला असं वाटून मी टाळ्या वाजवायचे आणि तो अजून संपलेला नसायचा. पण वजनांचं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "योगा करते." केतकी पहाटे गॅलरीत झाडूचा दांडा डोक्यावर धरून तंगड्या फाकवून खाली बसायची, उठायची, बसायची. एकदा शेजारच्या गॅलरीतून साने वहिनींनी विचारलं, "हे कुठलं आसन म्हणायचं?"

"नवीन निघालंय," मी म्हटलं.

घरी लहान मुलं शिकायला येत. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. केतकी त्यांना सांगायची, "बोटांनी दाबू नको रे. खांदा सैल सोड. हाताचं वजन खाली जाऊ दे." मला वाटायचं, झालं! वजनांचं खूळ आता कोवळ्या पोरांच्या डोक्यात भरवते आहे. पुष्कळ दिवसांनी कळलं की ती दोन्हीकडे एकच गोष्ट शिकली होती. सूर बोटातून निघत नाही, पाठीतून निघतो. लोखंडही हातांनी उचललं जात नाही, पायांनी उचललं जातं. हात नुसते धरून ठेवायला. पण हे आजचं शहाणपण. तेव्हा मला हातांपलीकडे काही दिसत नव्हतं.

आणि हात कसे! दसऱ्याला माझी नणंद आली होती. तिने सोनं देताना केतकीचा हात हातात घेतला, घेतला तो सोडेचना. अंगठ्याने तळवा चाचपला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, भांडीवाली सोडलीस वाटतं?" सगळे हसले. केतकीही हसली. मी हसले नाही. ते वाक्य दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या घशात चकलीच्या काट्यासारखं रुतून बसलं. भाऊबिजेला नणंद पुन्हा येणार होती. तोवर त्या हातांचा बंदोबस्त व्हायलाच हवा होता.

म्हणून म्हणते, प्रेम होतं, पण निम्मंच. उरलेल्या अर्ध्यात नणंद होती, साने वहिनी होत्या. आणि अगदी तळाशी एक लबाड विचार होता, की घट्टे गेले म्हणजे त्यांच्या मागचं ते लोखंडही जाईल. पोरगी नुसती पियानो वाजवील, आणि मला योगाबिगा काही सांगावं लागणार नाही.

भाऊबीज छान झाली. नणंदेने हात हातात घेतला, तिला काही सापडलं नाही. मी मनातल्या मनात फुलबाजी पेटवली. केतकी मात्र त्या आठवड्यात जरा वेगळीच वागत होती. भांडी विसळताना पाणी लागलं की श्वास आत ओढायची. फराळाच्या ताटातली एक चकली मोडून अर्धी परत ठेवायची. मी दुखावले. इतकी खुसखुशीत चकली आणि अर्धी? माझा मुलगा निखिल म्हणाला, "आई, शनिवारी तिची स्पर्धा आहे. स्पर्धेआधी त्यांचं वजन करतात. जास्त भरलं तर गटाबाहेर."

"मग मीही येते," मी म्हटलं. "वजन झालं की लगेच खाईल. डबा घेऊन येते."

निखिलने केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, "हो आई."

शनिवारी शिळफाट्याच्या रांगेत आमची गाडी तासभर उभी होती. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा, डब्यावर लाडवांचा डबा, आणि तोंड अखंड चालू. केतकी खिडकीतून बाहेर बघत होती आणि मांडीवर बोटांनी काहीतरी वाजवत होती. मला वाटलं, तिला माझ्या बोलण्याची लय आवडली.

डोंबिवलीतल्या एका शाळेचं सभागृह. भिंतीवर बाराखडीचे तक्ते, आणि मधोमध लाकडी चौथरा. आत शिरताच तीन वास आले. पांढऱ्या पावडरचा, दुखऱ्या सांध्यांना लावायच्या मलमाचा आणि तापलेल्या रबराचा. आणि मुली! मला वाटलं होतं, सगळ्या पहिलवान असतील. तर एक माझ्या खांद्याएवढी, एक चष्मेवाली, एकीच्या केसांत अबोलीचा गजरा. प्रत्येकीची आई कुठेतरी डबा घेऊन बसलेली. मला एकदम बरं वाटलं.

म्हात्रे सर केतकीचे गुरू. कल्याणच्या त्या खिडकीपलीकडचे. मूळचे इथल्याच जुन्या गावातले, पन्नाशीचे, केसाळ हातांचे. त्यांनी नमस्काराच्या आधी तिचे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले.

"काय गो, हात कुठं ठेवून आलीस?"

"दिवाळी होती, सर."

"दिवाली सगल्यांचीच व्हती. कुनाचं हात नाय सोलटलं."

केतकी पिशवीतून चिकटपट्टी काढू लागली. आणि तेव्हा ती बासष्टची बाई पुढे झाली. नुसती नव्हे, अभिमानाने. म्हणाली, "मीच घासून दिले हो! किती खडबडीत झाले होते."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डब्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, "आजी, पियानोच्या तारा पन काढून ठेवल्या काय तुमी?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आमी पन घासतो," सर जरा खाली आवाजात म्हणाले. "वरचा वर, वाढलेला तेवढा. पन तुमी पार पाया खनला. चौदा वर्सांची कातडी ती. आता त्या दांड्याला धरायला हिच्याकडं काय ऱ्हायलं?"

मी केतकीकडे पाहिलं. ती अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळत होती. मान वर केली नाही. आणि मला कळलं की ती शिकेकाई नव्हती.

मग निखिलने बाजूला नेऊन मला बाकीचं सांगितलं. या गटातून राज्य स्पर्धेला एकीचीच निवड होते. केतकी गेली दोन वर्षं दुसरी आली होती. यंदा सरांच्या मते ती पहिली येणार होती. सगळं वर्ष तिने पहाटे झाडूचा दांडा घेऊन काढलं होतं ते या एका दुपारसाठी. माझ्या हातातले डबे एकदम जड झाले. कुठे ठेवावेत तेही सुचेना.

पहिला प्रकार स्नॅच, म्हणजे दांडा जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. तिचं नाव पुकारलं. ती पांढऱ्या पावडरमध्ये हात घोळवून चौथऱ्यावर आली, दांड्यासमोर उभी राहिली, आणि दोन श्वास काही केलं नाही. ते दोन श्वास माझ्या ओळखीचे होते. रोज सकाळी पियानोचं झाकण उघडल्यावर ती तश्शीच थांबते, हात मांडीवर ठेवून. मग घर भरून जातं.

साठ किलो वर गेले. मी "उचल गं माझे बाई!" असं ओरडले, पण दांडा जमिनीवर असताना. सर धावत आले. "आजी, आदी गप! वर जाताना वरडा!" मला एवढी तालीम पुरली. दुसऱ्या वेळी त्रेसष्ट. मी बरोबर वेळेवर ओरडले. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. केतकी हसली आणि दांडा खाली टाकला. तेव्हा दिसलं, दांड्यावर लाल होतं. एक माणूस फडकं घेऊन आला आणि दांडा पुसून गेला, जेवणानंतर टेबल पुसतात तितक्या सहज. तिसऱ्या वेळी पासष्टला दांडा डोक्यामागे जाऊन पडला.

मग दहा मिनिटांची विश्रांती. मी तिच्याजवळ गेले. उजव्या तळव्यावर दोन ठिकाणी कातडी उघडली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पुरे झालं. चल घरी. वाजवायचे हात आहेत हे. आणखी काही झालं तर? पुढच्या वर्षी बघू."

"नाही," केतकी म्हणाली.

मी ऐकलंच नसल्यासारखं पुन्हा सुरू केलं, "अगं पण..."

"नाही, आई. तिकडे जाऊन बसा. आणि दहा मिनिटं काही बोलू नका."

दहा महिन्यांत मला मिळालेला तो पहिला नकार. मी जाऊन बसले. माझ्या शेजारी गजरेवालीची आई होती. तिने न विचारता माझा डबा उघडला आणि चिवडा खाल्ला. आश्चर्य म्हणजे मला राग आला नाही. उलट वाटलं, एका माणसाबरोबर दहा महिने राहिले आणि आत्ता कुठे ते मला भेटलं. इतके दिवस घरात "हो आई" राहत होती. ही कोण?

मी कितीदा विचार करते त्या पाटावरच्या सकाळचा. ती एका शब्दाने मला थांबवू शकली असती. पण तो शब्द काढायला नव्या सुनेला किती जोर लागतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मीही कधीतरी नवी सून होते. माझ्या सासूबाईंनी माझे लांब केस नीट दिसत नाहीत म्हणून छाटून टाकले होते आणि मी आरशासमोर उभी राहून "छान झाले" म्हटलं होतं. शंभर किलो असतील त्या एका शब्दात. ते उचलायला मला काही जमलं नाही.

दुसरा प्रकार क्लीन अँड जर्क. दांडा आधी खांद्यावर घ्यायचा, मग डोक्यावर. शहात्तर गेलं. ऐंशी गेलं. मी असं ओरडले की बाराखडीचे तक्ते हलले असतील. दहा मिनिटं कधीच उलटली होती, मी घड्याळ लावून गप्प बसले होते. पलीकडच्या चष्मेवालीची दोन्ही प्रकारांची बेरीज केतकीपेक्षा एक किलोने जास्त झाली होती. पहिलं यायला केतकीला शेवटच्या खेपेत ब्याऐंशी हवे होते. पाय तयार होते, पाठ तयार होती, ते मलासुद्धा दिसलं. ती बसली, दोन श्वास थांबली, उठली. दांडा गुडघ्याच्या वर आला, मांड्यांशी आला, आणि बोटं उघडली. तिने उघडली नाहीत, ती उघडली. धाडकन आवाज झाला.

एक किलो म्हणजे किती? भाजणीची पिशवी. मी दिवाळीत तीन आणते.

ती त्या दिवशी रडली नाही. चष्मेवालीला मिठी मारली, सरांच्या पाया पडली. सर म्हणाले, "पाय झकास. हात घेऊन ये आता." घरी पाच दिवस पियानो बंद होता, कारण बोटं ताणली की तळवा उघडायचा. आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हे पेपर वाचायचे, पण पान उलटायचे नाहीत. शिकायला येणारी मुलं दारातूनच परत गेली. साने वहिनी येऊन म्हणाल्या, "योगाला सुट्टी?" मी म्हटलं, "योगा नाही हो. वेटलिफ्टिंग. माझी सून वजनं उचलते. आणि परवा ती माझ्यामुळे हरली. बसा, सांगते." आणि सगळं सांगितलं. ते सांगताना मला जे हलकं वाटलं, ते कुठल्या आसनाने वाटलं नसतं.

पुढच्या वर्षी तिची निवड झाली. मग मुक्ता झाली, मग दोन वर्षं दांडा कोपऱ्यात, मग पुन्हा पहाट आणि गॅलरी. येत्या महिन्यात डोंबिवलीतच स्पर्धा आहे, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तिचा पियानोचा कार्यक्रमही. पहाटे चारला उठून ती तळव्यांना मलम लावते, वरच्या वर घासते, स्वतः. मी दारात उभी राहून बघते आणि काही सुचवत नाही. हे मला फार कठीण जातं, पण जमायला लागलंय. मुक्ता दोन्ही हात पसरून विचारते, "मला कधी येणार असे?" तिची आई म्हणते, "काहीतरी धरून ठेव, मग येतील."

पण मला सांगायचं होतं ते त्या शनिवारचंच. स्पर्धा संपल्यावर आम्ही शाळेच्या पायऱ्या उतरत होतो. निखिल गाडी आणायला गेला होता. सूर्य मावळतीला होता, मैदानात कुणीतरी उरलेली फटाक्यांची माळ लावली होती. केतकीच्या दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या. मी खाली बघत म्हटलं, "केतकी, चुकलं गं माझं. मी त्या दिवशी तुला विचारायला हवं होतं." मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या आई, काही हरकत नाही. नेहमीसारखं. ती शेवटच्या पायरीवर थांबली, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली:

"आई, तुमच्यामुळे हरले मी. मला तुमचा खूप राग आलाय आणि तो तीन-चार दिवस तरी राहणार आहे. तोवर माझ्याशी गोड बोलू नका, मला लगेच हसू येतं."